जुना डिझेल ट्रॅक्टर घेताना आणि सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना जुना ट्रॅक्टर नुसता शोभेला उभा करायचा नाही, कामाला लावायचा आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टर रंगावर घेऊ नये. तेल, धूर आणि आवाज या तिघांना विचारून घ्यावा. रंग हा विकणाऱ्याची बाजू घेतो, हे तिघं कोणाचीच घेत नाहीत.

जुना म्हणजे नेमका किती जुना?

याची पक्की व्याख्या नाही. शेतात डिझेल इंजिन आलं ते १९२०च्या दशकात. जर्मनीतला बेन्झ-झेंडलिंग हा अगदी सुरुवातीचा, आणि कॅटरपिलरचा साखळीपट्ट्यांचा डिझेल सिक्स्टी १९३१चा. पण साध्या शेतकऱ्याला परवडेल असं डिझेल मिळालं दुसऱ्या महायुद्धानंतर: झेटर २५ (१९४६), जॉन डिअर मॉडेल आर (१९४९), फर्ग्युसन टीईएफ-२० (१९५१), त्याच सुमाराचा फोर्डसन न्यू मेजर. लोक जुना डिझेल ट्रॅक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा १९४५ ते १९७५ या तीस वर्षांतलं यंत्र त्यांच्या मनात असतं.

या काळाचं मोल असं की सगळं यांत्रिक आहे. सेन्सर नाही, संगणक नाही. एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी बहुतेक ट्रॅक्टर चालत राहतात, कारण डिझेल पंप इंजिनच्याच गिअरवर फिरतो. हातात पाना आणि डोक्यात थोडा धीर असला की यातलं जवळजवळ सगळं खोलता आणि परत बसवता येतं.

पहिल्यांदाच घेतोय. कोणतं मॉडेल घेऊ?

ज्याचे भरपूर नग बनले ते. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेला मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा त्याच्यानंतरचा १३५, १९६५ नंतरचा फोर्ड ३०००, फोर्डसन मेजर, झेटर. यांचे लायनर-पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट आजही नव्याने बनतात आणि माहितीपुस्तिकाही मिळतात. दुर्मीळ ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि एका फुटलेल्या गिअरपायी तो वर्षानुवर्षं उभा राहिला, असं फार ठिकाणी होतं.

मॅसी ३५ बद्दल एक गोष्ट ठाऊक असावी. सुरुवातीच्या डिझेल ३५ मध्ये स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३सी इंजिन होतं आणि ते थंडीत सुरू होताना माणसाला रडवायचं. १९५९च्या अखेरीपासून त्याच बॉनेटखाली पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बॉनेट उघडून नोजल मोजा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरवरची डिझेल फवारणारी तोटी. चार सिलिंडरवालं वाईट नाही, फक्त त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याची ताकद), बॅटरी आणि हीटर प्लग चोख लागतात.

एका सिलिंडरच्या भारी इंजिनांचं वेड मला समजतं. लान्झ बुलडॉगच्या डोक्याला आधी बर्नरने तापवायचं, मग फ्लायव्हील हाताने झुलवून फटका द्यायचा. फील्ड मार्शलला धुमसता कागद आत सरकवायचा आणि वाटल्यास बंदुकीसारखं काडतूस ठोकून सुरू करायचा. त्या आवाजाला तोड नाही. (बुलडॉग काटेकोर अर्थाने डिझेल नव्हे, अर्ध-डिझेल, म्हणजे तापलेल्या डोक्याच्या मदतीने इंधन पेटवणारा.) पण ही यंत्रं दुसरा ट्रॅक्टर म्हणून घ्यावीत. पहिला असा हवा, जो सकाळी लवकर सुरू होतो आणि तुम्हाला शिकवतो. जॉन डिअर आरचं मोठं इंजिन सुरू करायला शेजारी छोटं पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे सांभाळायची इंजिनं दोन झाली.

किती हॉर्सपॉवर लागेल?

गवत कापणं, छोटी ट्रॉली, दोन फाळांचा नांगर, एवढ्यासाठी ३५ ते ४५ पुरे. पण जुन्या ट्रॅक्टरची ओळख हॉर्सपॉवरपेक्षा वजनाने जास्त होते. चाकं जागेवर फिरत राहिली तर ताकद असून उपयोग नाही.

बघायला गेल्यावर काय तपासू?

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर चहा-गप्पा होऊ द्या, तो थंड होऊ द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापते की त्यात डिझेल आपोआप पेटतं. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या भागात दाबली जाते. रिंगा-लायनर झिजलेले असतील तर थंड इंजिनात तेवढा ताप तयारच होत नाही. म्हणून थंड इंजिन कसं सुरू होतं, ही सगळ्यात मोठी आणि फुकटची परीक्षा.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय: हेड गॅस्केट, लायनरचं सील किंवा तडा. पातळी खुणेच्या वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास असेल, तर डिझेल खाली उतरतंय. बऱ्याचदा फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल पुढे पाठवणाऱ्या छोट्या पंपाचा, पडदा फाटलेला असतो. तो भाग स्वस्त आहे, पण पातळ झालेल्या तेलावर ट्रॅक्टर किती दिवस चालवला हा प्रश्न महाग आहे. रेडिएटरच्या झाकणाखाली तेलाचे तवंग बघा. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेलही बघा. पाण्याने ते लस्सीसारखं होतं, आणि गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर हा त्या पाण्याचा नेहमीचा दरवाजा.

आता सुरू करा. इंजिन धरल्यावर ब्रीदरच्या नळीकडे जा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीकडे. किंचित वाफ चालते. पण भाताच्या पातेल्यासारखी धकधक वाफ येत असेल, तर कॉम्प्रेशन रिंगांच्या बाजूने खाली पळतंय, इंजिनकाम जवळ आलंय. ऑइलचा दाब थंडीत सगळेच दाखवतात. अर्धा तास काम करून घ्या आणि गरम इंजिन मंद रेसवर असताना काटा कुठे आहे ते बघा.

मागच्या हायड्रॉलिक लिफ्टला वजन लावून उचला आणि इंजिन बंद करा. अवजार हळूहळू खाली यायला वेळ लागला तर ठीक, एका मिनिटात जमिनीला टेकलं तर सील किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. वर उचलताना धक्के खात असेल तर पंपाकडे बघा. प्रत्येक गिअरमध्ये चालवा, आणि उतारावर पाय काढून बघा की गिअर उडी मारून न्यूट्रलला तर येत नाही ना. गिअर उडी मारणं म्हणजे पेटी खोलणं. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. पुढचा भाग जॅकवर घेऊन चाक हलवलं की किंगपिन, बुश आणि मधली पिन किती सैल आहेत ते कळतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, तो सांधा टॉर्च लावून बघा. या ट्रॅक्टरांना वेगळी चेसी नसते. इंजिन, पेटी आणि मागचा अ‍ॅक्सल हेच एकमेकांना बोल्टने जोडून अंग बनतं. पुढे लोडर लावून राबवलेल्या ट्रॅक्टरला इथेच तडे जातात, आणि वेल्डिंगची रेघ रंगाखालूनही बोटाला लागते.

धुराच्या रंगावरून काय समजायचं?

थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा. डोळ्यांना झोंबतो. इंजिन गरम झाल्यावर गेला तर काळजी नको. गेला नाही तर नोजल, पंपाचं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: आधी एअर क्लीनर बघा, पंपाला दोष नंतर द्या. भार पडल्यावर क्षणभर काळा फुत्कार आला तर तो या इंजिनांचा स्वभावच आहे.

मीटरवरचे तास खरे असतात का?

त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक जुने मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात. ठरलेल्या रेसला एक तास म्हणजे मीटरचा एक तास, म्हणून मंद रेसवर दिवसभर चाललेला ट्रॅक्टर कमी तास दाखवतो. शिवाय केबल तुटली की मीटर थांबतो आणि ट्रॅक्टर चालत राहतो. त्यापेक्षा क्लच पेडलवरची नक्षी किती गेलीय, लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दांड्यांच्या) गोळ्या किती सैल आहेत, ड्रॉबारचं (मागच्या ओढायच्या पट्टीचं) गोल भोक अंडाकृती झालंय का, हे बघा. ही झीज खोटी करता येत नाही.

नवा रंग दिलेला ट्रॅक्टर घ्यावा का?

घ्या, पण रंग न दिलेल्या ट्रॅक्टरपेक्षा दुप्पट वेळ देऊन तपासा. ग्रीसच्या निपलवर रंग चढलेला असेल, तर ग्रीस न घालताच रंग मारलाय एवढं नक्की. जुन्या तेलकट, डाग पडलेल्या ट्रॅक्टरमध्ये गळती कुठून होते ते दिसतं. मला असा प्रामाणिक मळ आवडतो.

इंजिन जाम असलेला ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय. घेऊ?

इंजिनाची किंमत शून्य धरून सौदा बसत असेल तरच. पाणी जाऊन गंजलेल्या लायनरमध्ये पिस्टन चिकटलेलं असेल तर ते बऱ्याचदा सुटतं. नोजल काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतायचं, काही दिवस ते मुरू द्यायचं, मग सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाकून चाक मागे-पुढे हळूच झुलवायचं. घाई करून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका. व्हॉल्व्ह चिकटलेले असले तर पुशरॉड वाकतात, आणि एका दोषाचे तीन होतात.

डिझेल संपलं, परत भरलं, तरी सुरू होत नाही. का?

हवा धरली, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली. नव्या मालकाचा हा पहिला धडा. पंपाला डिझेल दाबता येतं, हवा नुसती आकसते आणि नोजल उघडतच नाही.

टाकी चांगली भरा, नळ उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची छोटी लिव्हर हाताने मारत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. बोल्ट आवळा. लिव्हर मारताना काहीच जोर लागत नसेल तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम वर येऊन थांबलेला असतो, इंजिन थोडं फिरवलं की लिव्हरला जीव येतो. मग मुख्य पंपावरचे स्क्रू त्याच क्रमाने, टाकीपासून नोजलकडे. शेवटी नोजलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा. प्रत्येक नटाशी डिझेल उडालं की आवळत जा. बहुतेकदा दोन नट आवळेपर्यंत इंजिन खोकतं आणि धरतं.

यात जपायची एक गोष्ट. नोजलमधून डिझेल शंभर-दीडशे बारपेक्षा जास्त दाबाने सुटतं. ती फवार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडतं. हाताने चाचपून गळती शोधू नका, पुठ्ठा धरा. आणि कातडीत डिझेल गेलंच, तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना.

परत परत हवा धरत असेल तर टाकी आणि फीड पंप यांच्यामधली नळी बघा. तिथे ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही आणि हवा मात्र आत जाते. तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घातले की निम्मी डोकेदुखी संपते.

थंडीत ईथरचा स्प्रे मारावा का?

नाही. हीटर प्लग किंवा मॅनिफोल्डमधला ज्योतीचा हीटर असेल तर अजिबात नाही, आत स्फोट होतो. ईथर वेळेआधी पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तोडतं. स्प्रेशिवाय सुरूच होत नसलेला ट्रॅक्टर आजारी आहे. आधी जाड बॅटरी केबल आणि स्वच्छ अर्थिंग द्या. सेल्फ वेगाने फिरला की अर्धे ‘आजारी’ ट्रॅक्टर बरे होतात.

आजचं कमी गंधकाचं डिझेल चालतं का?

चालतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक गुळगुळीतपणा कमी होतो, म्हणून वंगण देणारं द्रव्य त्यात आधीच मिसळलेलं असतं. जुन्या पंपांची रबरी सीलं मात्र नव्या डिझेलमध्ये आकसून गळू लागतात. एकदा नवी घालून घ्यावी लागतात. जैवडिझेल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि टाकीतला वर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं, तेव्हा ते वापरायचं झालं तर दोन जादा फिल्टर जवळ ठेवा.

तेल कोणतं घालू?

इंजिनमध्ये पुस्तिकेत दिलेल्या जाडीचं डिझेल इंजिन ऑइल. बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४० चालून जातं. गिअरबॉक्सला मात्र जपा. जुन्या पेट्यांमध्ये पितळी आणि काशाचे बुश असतात, आणि जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली द्रव्यं त्यांना खातात. जीएल-४ घ्या. हायड्रॉलिक आणि पेटी एकाच तेलावर चालत असतील तर ट्रॅक्टरसाठीचं सार्वत्रिक ट्रान्समिशन तेल.

एक जागा सगळे विसरतात. रांगेतल्या प्लंजरच्या जुन्या पंपांमध्ये, सिम्सचे असोत वा बॉशचे, बऱ्याचदा स्वतःचं वेगळं ऑइल असतं. त्यात डिझेल झिरपतं आणि ते पातळ होतं. इंजिन ऑइल बदलताना तेही बदला. पंपाची दुरुस्ती हा या ट्रॅक्टरचा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो वाचतो वाटीभर तेलावर.

वायरिंग उलटं कसं काय?

अनेक जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचा धन टोक अंगाला जोडलेला असतो. ही चूक नव्हे, त्या काळची पद्धत. बॅटरी बदलताना आधी जुन्या जोडणीचा फोटो काढा. काही ट्रॅक्टर ६ व्होल्टचे आहेत. त्यांना केबल १२ व्होल्टपेक्षा जाड लागते, पातळ केबल घातली की सेल्फ रडतो.

पीटीओवर यंत्र चालवताना ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. हे बरोबर आहे का?

पीटीओ म्हणजे यंत्र चालवायला ट्रॅक्टरच्या मागे दिलेला फिरता शाफ्ट. साध्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरांत असं होतं. क्लच दाबला तरी गवत कापणीच्या यंत्राचं जड पातं फिरतच राहतं, आणि त्याचा जोर पीटीओतून उलटा पेटीत येऊन चाकं फिरवतो. तुम्ही ब्रेक दाबताय आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे चाललाय. यावर उपाय म्हणजे शाफ्टवर एकाच दिशेला पकडणारं ओव्हररनिंग कपलिंग, आणि ते पहिल्याच दिवशी घ्यावं. दोन टप्प्यांचा क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर हा त्रास बराच कमी होतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण मोडलेलं असेल तर नवं घातल्याशिवाय पीटीओ जोडू नका. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे एका सेकंदात नऊ. सैल बाही गुंडाळली गेली तर हात काढून घ्यायला वेळच मिळत नाही.

हे ट्रॅक्टर धोकादायक असतात का?

असतात, आणि हे उत्तर सौम्य करावंसं मला वाटत नाही. या काळातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारा सांगाडा, नसते. नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची करणारा पहिला देश स्वीडन, १९५९ साली. बाकीचे देश नंतर आले.

ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो ते असं. भार ओढताना मागची चाकं जमिनीला ढकलतात आणि चाकं फिरू शकली नाहीत, तर अ‍ॅक्सलभोवती ट्रॅक्टरच फिरायला लागतो. पुढचं तोंड वर उचलतं आणि सुमारे दीड सेकंदात सगळं संपतं, क्लच दाबायचं सुचायच्या आत. म्हणून साखळी नेहमी ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांडीच्या) जागी, सीटखाली किंवा अ‍ॅक्सलला कधीही नाही. ओढ अ‍ॅक्सलच्या वर गेली की तीच ओढ ट्रॅक्टरला उलटवते. आणि चिखलात रुतल्यावर मागच्या चाकांना लाकूड बांधून पुढे काढायला जाऊ नका. लाकूड अडलं, चाक थांबलं, की फिरायला ट्रॅक्टरशिवाय काही उरत नाही. रुतलेला ट्रॅक्टर उलट गिअरमध्ये काढा, नाहीतर दुसऱ्याकडून ओढून घ्या.

तुमच्या मॉडेलला बसणारी प्रमाणित चौकट मिळत असेल तर ती बसवा आणि सोबत सीटबेल्ट लावा. चौकट नसेल तर बेल्ट लावू नका. मूळ रूप बिघडतं ही तक्रार मी ऐकली आहे. चौकट बोल्टने बसते, प्रदर्शनाच्या दिवशी काढता येते.

आणखी एक: जमिनीवर उभं राहून सेल्फच्या टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नका. गिअरमध्ये राहिला असेल तर डिझेल इंजिन लगेच धरतं, आणि तुम्ही मागच्या चाकापुढेच उभे असता.

चावी फिरवली तरी इंजिन बंद होत नाही.

होणारच नाही. बंद करायची वेगळी दांडी असते, ती ओढली की पंप डिझेल तोडतो. पण इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेभान झालं, तर दांडीचाही उपयोग नाही. तेव्हा हवा तोडायची: हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा. हात लावू नका, ओढ हाताला सोडत नाही. माझ्या ट्रॅक्टरवर अशी फळी कायम बांधलेली असते.

बरेच महिने वापरणार नसलो तर?

टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव जमतं. लिफ्ट खाली टेकवा, बॅटरी काढा, सायलेन्सरच्या नळीवर डबा उपडा घाला, आणि पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ हवंच. बर्फ झालेलं पाणी ओतीव लोखंडाचा ब्लॉक फोडतं. अधूनमधून पाच मिनिटं मंद रेसवर चालवून बंद करणं ही वाईट सवय आहे. इंजिन गरम होत नाही, आत पाणी आणि काजळी साचते. चालवायचा तर अर्धा तास भाराखाली चालवा, नाहीतर झोपू द्या.

क्लचचं पेडल खाली दाबून लाकडाच्या ठोकळ्याने अडवून ठेवा. नाहीतर दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. आणि चिकटलीच, तर मोकळ्या सपाट मैदानात आणा, न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि बंद करा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून सेल्फनेच सुरू करा, म्हणजे ट्रॅक्टर चालतच सुटेल. क्लच पूर्ण दाबून ठेवा, थोडी रेस द्या आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबा. सहसा तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘टक्’ असा आवाज येतो आणि प्लेट सुटते. या कामाला ब्रेक चांगले लागतात, तेव्हा ते आधी बघा. बंद करायच्या दांडीवर एक हात असू द्या.